आठशे बाय सहाशेचा पाहुणा

समीक्षा फक्त नाटकांची आणि कवितासंग्रहांचीच का व्हावी, हे मला कधीच कळलेलं नाही. ज्या नाटकाला माणूस तीन तास देतो, त्यावर दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धा रकाना मजकूर येतो. ज्या खटाटोपाला तो तीन रविवार देतो, त्याबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहायला तयार नाही. लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनचा पडदा मोठा करणं हा असाच एक उपेक्षित खटाटोप आहे. त्याला अंक आहेत, प्रवेश आहेत, पात्रं आहेत, प्रेक्षकाच्या तोंडी भरपूर स्वगतं आहेत. आणि पडदा तर आहेच. किंबहुना पडद्यावाचून ह्या नाटकात दुसरं काही नाहीच. इतर नाटकांत तो उघडला की खेळ सुरू होतो. इथे तो उघडतो आणि तेवढाच राहतो, हाच सगळा संघर्ष. तेव्हा ह्या प्रयोगाची एकदा रीतसर समीक्षा व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी कथानक. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर. तो खरा नसतो, पण हे त्याला बापड्याला ठाऊक नसतं. आपल्या विंडोजच्या संसारात ढवळाढवळ न करता लिनक्स दिसतं तरी कसं ते बघावं, अशी इच्छा झालेला माणूस हा मार्ग धरतो. म्हणजे घर न सोडता घर बदलल्याचं सुख! कल्पना काही आजची नव्हे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० नावाची व्यवस्था आणली. तिच्यात एकाच अवाढव्य यंत्रावर अनेकजण काम करीत आणि प्रत्येकाला वाटे, अख्खं यंत्र आपल्या एकट्याचंच आहे. एका वाड्यात पंधरा बिऱ्हाडं असावीत आणि प्रत्येक बिऱ्हाडकरूने स्वतःला मालक समजावं, तसं. पुढे १९९९ साली व्हीएमवेअरने ही चैन साध्या कॉम्प्युटरवर आणली, २००७ साली व्हर्च्युअलबॉक्स आलं, आणि मग काय, ज्याच्या हाती माऊस त्याच्या घरी पाहुणा!

पाहुणा हा शब्द मी पदरचा घातलेला नाही. त्या धंद्यातली भाषाच तशी आहे. बाहेरचा कॉम्प्युटर तो होस्ट, म्हणजे यजमान. आतला तो गेस्ट, म्हणजे पाहुणा. ज्याने कोणी हे बारसं केलं त्याला आपल्याकडच्या पाहुणचाराची कल्पना असावी, असा मला दाट संशय आहे. कारण हा पाहुणा वागतो थेट आपल्या कोकणातल्या एखाद्या भिडस्त नातेवाइकासारखा. यजमानाचा मॉनिटर असतो १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. आणि पाहुणा उतरतो बहुधा ८०० बाय ६०० वर, म्हणजे ४ लाख ८० हजारांत. एवढ्या मोठ्या दिवाणखान्याचा पाव हिस्सासुद्धा न घेता तो कोपऱ्यातल्या सतरंजीवर अंग चोरून बसतो. ‘अहो, नीट बसा की!’ म्हणावं, तर ‘नको, इथंच बरं आहे.’

असं का? तर त्याचं वळण चांगलं आहे म्हणून. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. खऱ्या कॉम्प्युटरला खरा मॉनिटर जोडला की मॉनिटर आपली माहिती स्वतःच सांगतो: माझी लांबी इतकी, रुंदी इतकी, मला अमुक इतकं झेपतं. १२८ बाइटचं हे टिपण असतं, १९९४ पासून चालत आलेलं. लग्नाच्या बाजारातल्या टिपणासारखंच, फक्त ह्यातली उंची खरी असते. पाहुण्यापुढे मात्र खरा मॉनिटरच नसतो. यजमानाने खोटा मॉनिटर तरी नीट वर्णन करून सांगावा, तर तेही प्रत्येक वेळी होत नाही. मग माहिती नसलेल्या ठिकाणी कुठलाही शहाणा माणूस जे करतो तेच तो करतो: कोणालाही पचेल अशी पेज मागतो. ६४० बाय ४८० ही १९८७ सालच्या आयबीएमच्या व्हीजीएची पेज. ८०० बाय ६०० म्हणजे १९८९ साली व्हेसा ही उत्पादकांची संघटना निघाली तेव्हा तिने त्या पेजेत घातलेलं चमचाभर तूप. आज त्यावर आक्षेप घ्यावा, तर ती पेज कुठल्याच यंत्राला कधी बाधलेली नाही. बाधते ती बघणाऱ्याला.

आता अंक पहिला. प्रेक्षक खिडकीचा कोपरा माऊसने धरतो आणि ओढतो. खिडकी मोठी होते, आतलं लिनक्स होत नाही. चहूबाजूंनी काळा मोकळा पट्टा आणि मधोमध तो ८०० बाय ६०० चा चौकोन. मोठ्या फ्रेममध्ये पासपोर्टचा फोटो लावावा तसा. हा अंक छोटा आहे, परंतु पुढच्या दुःखाची चाहूल लावण्याचं काम तो चोख करतो.

अंक दुसरा: सेटिंग्ज. हा प्रयोगाचा विनोदी भाग. माझा एक भाचा पुण्याला ह्याच क्षेत्रात आहे. त्याला फोन केला.

‘‘मामा, सोपं आहे. डिस्प्लेची सेटिंग्ज उघड. रिझोल्यूशन वाढव. खाली अप्लाय आहे, ते दाब.’’

‘‘खाली अप्लाय नाही.’’

‘‘अरे, खाली बघ ना.’’

‘‘बघितलं. खाली टेबल आहे.’’

‘‘टेबल नाही रे! पडद्याच्या खाली.’’

‘‘पडद्याच्या खालीच टेबल आहे.’’

वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल, पण अनेक डेस्कटॉपांवर हे अक्षरशः असंच घडतं. सेटिंग्जची चौकट आखणाऱ्याने ती ऐसपैस मॉनिटरवर बसून आखलेली असते. लहान पडद्यावर तिचा तळ पडद्याच्या बाहेर जातो आणि होकाराचं बटण तळालाच असतं. पडदा मोठा करण्याचं बटण पडदा मोठा झाल्यावरच दिसावं! चष्मा सापडायला चष्मा लागतो, त्यातला प्रकार. ह्यावर तोड आहे. काही डेस्कटॉपांवर आल्ट ही कळ दाबून ठेवली की चौकट कुठेही धरून वर सरकवता येते. पण ही युक्ती त्या चौकटीवर कुठेही लिहिलेली नसते. आणि लिहिली असतीच, तर तीही तळालाच लिहिली असती. शिवाय एवढं करून आकारांची यादी उघडावी, तर तिच्यात ८०० बाय ६०० आणि त्याच्याहून लहान, एवढेच जिन्नस. हॉटेलात गेल्यावर ‘काय काय आहे?’ विचारावं आणि वेटरने ‘चहा, आणि अर्धा चहा’ म्हणावं!

अंक तिसरा: गेस्ट ॲडिशन्स. व्हर्च्युअलबॉक्समधलं हे पात्र, आणि ते प्रामाणिकपणे सांगायचं तर ह्या नाटकातलं सर्वांत गुणी पात्र आहे. व्हीएमवेअरच्या घराण्यात त्याच कामाला ओपन-व्हीएम-टूल्स आहेत, क्यूईएमयूच्या घराण्यात स्पाइसचा एजंट आहे. काम एकच. यजमानाने खिडकी ओढली की पाहुण्याच्या कानात जाऊन सांगायचं, ‘अहो, खोली वाढलीय, पाय पसरा.’ एवढा निरोप पोचला की पाहुणा सुखाने पसरतो. सगळा प्रश्न एका निरोप्याचाच होता, हे पाहून डोळे पाणावतात.

पण ह्या निरोप्याचा प्रवेश लेखकाने विलक्षण अवघड करून ठेवला आहे. तो येतो सीडीमधून. ही सीडी खरी नसते, आणि ती ज्या ड्राइव्हमध्ये घालायची तोही खरा नसतो. पण घालायची मात्र खरोखर. मग ती पाहुण्याच्या घरातच त्याच्या कर्नलला बेतून तयार करावी लागते. त्यासाठी कंपायलर हवा, मेक हवं, कर्नलची हेडर्स हवीत, आणि तीही त्याच क्रमांकाच्या कर्नलची. म्हणजे निरोप्या पाठवायचा तर आधी त्याला शिंपी, कापड आणि शिवणयंत्र पाठवायचं. पुढे कर्नल नवा आला की माप बदललं, पुन्हा शिलाई. ती झाली नाही की एका सकाळी पाहुणा पुन्हा सतरंजीवर. न्यायासाठी हेही सांगितलं पाहिजे की आता काही लिनक्स वितरणांत हा निरोप्या आधीच घरात बसवलेला असतो आणि सगळं पहिल्याच मिनिटाला जमतं. अशा घरी हे नाटक लागतच नाही. पण जिथे लागतं, तिथे पूर्ण लांबीचं लागतं.

अंक चौथा हा ह्या कलाकृतीचा कळसाध्याय. नाव, एक्सरँडर. एमआयटीमध्ये १९८४ साली जन्मलेल्या एक्स विंडो ह्या जुन्या घराण्यात कीथ पॅकार्ड आणि जिम गेटिस ह्यांनी पडद्याचा आकार चालू कामात बदलण्याची सोय आणली, तिला टर्मिनलवरून हाक मारायची ही आज्ञा. यादीत हवा तो आकार नसेल तर आपण तो नवा निर्माण करायचा, यादीत घालायचा आणि मग वापरायचा. पण नवा आकार कशाने निर्माण करणार? त्यासाठी आधी सीव्हीटी नावाच्या दुसऱ्या आज्ञेकडे जायचं. तिला सांगायचं १९२० आणि १०८०. ती उत्तर देते: १७३.००, १९२०, २०४८, २२४८, २५७६. १०८०, १०८३, १०८८, ११२०.

हे काय आहे, असा प्रश्न पडला ना? मला तर पहिल्यांदा ते मटक्याचे आकडे वाटले. पण त्यांचा अर्थ समजला आणि ह्या कलाकृतीबद्दल माझा आदर एकदम वाढला. जुन्या मॉनिटरात, म्हणजे त्या पोटवाल्या काचेच्या डब्यात, इलेक्ट्रॉनचा एक झोत डावीकडून उजवीकडे ओळ रंगवत जात असे. ओळ संपली की त्याला परत डावीकडे यायला वेळ लागे. सगळ्या ओळी संपल्या की तळातून वर यायला आणखी वेळ. हा वेळ त्याला मिळावा म्हणून १९२० ठिपके दाखवायला २५७६ ठिपक्यांचा अवधी धरायचा आणि १०८० ओळींना ११२० ओळींचा. हिशेब करून पाहा: शंभरातला अठ्ठावीस वेळ हा परतीच्या प्रवासाचा. दुपारची झोप म्हणा हवं तर.

आता गंमत बघा. हे गणित व्हेसाने २००३ साली ठरवून दिलं तेव्हा काचेचे डबे घरोघर होते. आज झोत नाही, काच नाही. इथे तर मॉनिटरसुद्धा नाही. नसलेल्या कॉम्प्युटरच्या नसलेल्या पडद्यावरचा नसलेला झोत दमून परत येतो, म्हणून आपण त्याला मुकाट्याने सुट्टी मंजूर करायची! सपाट पडद्यांसाठी काटकसरीची सोय आहे. आज्ञेला ‘आर’ हे अक्षर जोडलं की २५७६ चे २०८० होतात. पण उरलेले १६० ठिपके काही सुटत नाहीत. सरकारी कचेरीत एखादं पद रद्द होतं, माणूस निवृत्त होतो, पण त्याच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास रोज भरून ठेवला जातो, त्यातला हा प्रकार. समीक्षक म्हणून मी ह्याला दोष म्हणणार नाही. एवढी निष्ठा आजकाल माणसांत तरी कुठे दिसते?

ह्या अंकाचा दोष वेगळाच आहे. इतकं करून वाढवलेलं रिझोल्यूशन यंत्र पुन्हा सुरू केलं की पुसलं जातं. रिझोल्यूशन ह्या शब्दाचा दुसरा अर्थ संकल्प असा आहे, तो इथे कामाला येतो. एक जानेवारीला केलेला संकल्प जसा टिकतो तितकंच हेही. ते टिकवायचं तर प्रत्येक वेळी आपोआप म्हटलं जाईल असं एका फाइलीत लिहून ठेवायचं. तेही शिकून घ्यावं, तोवर वेलँड येतो. २००८ साली सुरू झालेलं हे नवं घराणं. फेडोराने २०१६ पासून नव्या बसणीत तेच पुढे केलं. वेलँडच्या दरबारात एक्सरँडरची आज्ञा चालत नाही. म्हणजे पाठांतर झालं आणि परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला.

पाचवा अंक, ग्रब. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये लिनक्स उतरलं, तर पडद्याचा आकार वर्षानुवर्षे ग्रबच्या ओळीत लिहावा लागत असे. ग्रब म्हणजे यंत्र जागं होण्याआधी चालणारा कारभार. पाहुणा झोपेतून उठायच्या आधीच त्याच्या उशाशी चिठ्ठी ठेवायची, ‘खोली १९२० बाय १०८० आहे.’ उपाय रामबाण. मात्र चिठ्ठीत एक अक्षर चुकलं तर पाहुणा ती वाचून काही बोलत नाही, पूर्वीसारखाच बसून राहतो. प्रयोग आटोपशीर, पण प्रेक्षकाला श्वास रोखून बसावं लागतं.

इथे एखादा व्यवहारी वाचक म्हणेल, ‘अहो, एवढी यातायात कशाला? ती स्केल्ड मोडची सोय आहे ना! दोन कळा दाबल्या की चित्र खिडकीभर.’ आहे. आणि ह्या समीक्षेत मला खरा राग कोणावर काढायचा असेल तर तो तिच्यावर. कारण ती पडदा मोठा करत नाही, ठिपके मोठे करते. चार लाख ऐंशी हजार होते, तेवढेच राहिले, फक्त ताणले. पापड भाजताना फुगला म्हणून पिठाचा गोळा वाढत नाही.

इंग्रजीवाल्याला ही लबाडी चटकन कळत नाही. त्याचं अक्षर म्हणजे दोन काड्या आणि एक वळण. थोडं पुसट झालं तरी ओळखू येतं. आपली देवनागरी ही तीन मजली इमारत. शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, मधल्या मजल्यावर अक्षर, तळघरात उकार. त्यातून मधल्या मजल्यावर ‘वैशिष्ट्य’ किंवा ‘उद्ध्वस्त’ असं एखादं एकत्र कुटुंब राहत असेल, तर त्या मूठभर ठिपक्यांत कोणी कुठे झोपायचं? मग ती अक्षरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडतात. ती ताणून दुप्पट केली, तर गर्दी दुप्पट आकाराची दिसते, गर्दी कमी होत नाही. ‘भात’ आहे की ‘मात’ आहे, ‘घन’ आहे की ‘धन’ आहे, हे जाणकाराने संदर्भाने ओळखायचं. ग्नोमचं आणि केडीईचं मराठी भाषांतर करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून मेनू मराठीत आणले, लोहित आणि नोटो यांसारखी देवनागरी वळणं फुकट उपलब्ध झाली, आणि हे सगळं एखाद्या मराठी माणसाच्या नजरेला प्रथम पडतं ते ह्या धुरकट काचेतून! तो बिचारा काय म्हणणार? ‘लिनक्स फुकट आहे ना, म्हणून असं दिसतं.’ आणि खिडकी बंद करणार. अनेकांची लिनक्सशी पहिली भेट अशा खिडकीतच होते आणि तिथेच संपते. मुलगी पाहायला यावं, वीज गेलेली असावी, आणि ‘मुलगी सावळी वाटते’ म्हणून नकार यावा, असा हा अन्याय आहे.

तर समजा, तुम्ही पाचही अंक पाहिलेत आणि पडदा १९२० बाय १०८० झाला. टाळ्या! पण नाटक संपत नाही. चौदा इंची लॅपटॉपवर तेवढ्या ठिपक्यांत अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि ज्यांनी हा खटाटोप करावा त्या वयाच्या माणसांचे डोळे मुंग्या वाचण्याच्या वयाचे नसतात. मग आपण पुन्हा सेटिंग्जमध्ये जाऊन सगळं दुप्पट करतो, दोनशे टक्के. आता हिशेब करा. १९२० चे निम्मे ९६०, १०८० चे निम्मे ५४०. म्हणजे राहायला जागा मिळाली ९६० बाय ५४० इतकी. सुरुवातीला किती होती? ८०० बाय ६००. एवढे तीन रविवार घालवून रुंदीला १६० मिळाले, आणि उंचीला ६० गमावले!

हे गणित मी भाच्याला ऐकवलं तेव्हा तो हसत सुटला. म्हणाला, ‘‘मग मिळालं काय, मामा?’’

मिळालं ते असं. जागा तेवढीच, पण त्याच जागेतल्या प्रत्येक अक्षराला आता चौपट ठिपके. वेलांटी सुटी झाली, रफार आपल्या जागी बसला, ‘उद्ध्वस्त’मधला एकेक वर्ण आपापल्या अंथरुणावर झोपला. भात भात दिसू लागला. आपण मागायला गेलो होतो जागा, आणि हाती आली स्पष्टता. पण खरी गरज तीच होती. मोठं दिसणं वेगळं आणि नीट दिसणं वेगळं. स्केल्ड मोड पहिलं देतो, रिझोल्यूशन दुसरं. तेव्हा स्केल्ड मोडच्या शॉर्टकटवर समाधान मानू नका, असा माझा स्पष्ट अभिप्राय.

एकूण प्रयोग कसा? संहिता उत्तम, पात्रं सज्जन, कोणीही खलनायक नाही. प्रत्येकजण सावधपणे, भिडस्तपणे वागतो आणि सगळ्यांच्या सज्जनपणामुळे प्रेक्षकाला काही दिसत नाही. दिग्दर्शनात मात्र एक दोष अक्षम्य आहे: ज्याला कमी दिसतं, त्याला लागणारी वस्तू तो जिथे बघू शकत नाही तिथे ठेवलेली आहे. तेव्हा सेटिंग्जच्या चौकटी आखणाऱ्या सर्व मंडळींना माझी एकच सूचना. पडदा १९८७ सालचा असो की आजचा, त्याचे ठिपके मोजायला सुरुवात होते ती वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, शून्य बाय शून्यापासून. बाकीचं काही दिसो न दिसो, तो कोपरा प्रत्येकाला दिसतो. ते अप्लायचं बटण कृपा करून तिथे आणा. खाली टेबल आहे.